दोन सर्व्हिसिंगच्या मधली गाडी

मोटारसायकलची देखभाल स्वतः करावी की डीलरच्या सर्व्हिस सेंटरला पैसे देऊन करून घ्यावी, या वादात दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट गृहीत धरतात. काम तेच, फक्त करणारे हात वेगळे. मग सगळा हिशेब मजुरीचा होतो आणि किती वाचले, किती गेले एवढ्यावरच बोलणे संपते. माझ्या मते हे गृहीतकच चुकीचे आहे आणि ते पटायला साधे गणित पुरते. रोज ३० किलोमीटर जाणे-येणे करणाऱ्या नोकरदाराची गाडी महिन्याला साधारण साडेसातशे किलोमीटर धावते. शंभर ते दीडशे सीसीच्या रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांचे सर्व्हिसिंग ३,००० ते ६,००० किलोमीटरला येते, म्हणजे चार ते आठ महिन्यांनी. चेन साफ करून तिला तेल द्यायचे ते मात्र पाचशे ते हजार किलोमीटरला. पाचशेचा हिशेब धरला तर ३,००० किलोमीटरच्या अवधीत हे काम सहा वेळा यायला हवे. त्यातले एकदा सर्व्हिस सेंटर करते. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी पाहायची म्हटले तर चार महिन्यांत आठ वेळा पाहावी लागते, त्यातलीही एकच वेळ डीलरच्या वाट्याला येते. डीलर कितीही प्रामाणिक असो आणि मेकॅनिक कितीही कसबी असो, उरलेल्या वेळा गाडी त्यांच्यासमोर नसतेच. सर्व्हिसिंगचे सगळे पैसे वेळच्या वेळी भरणाऱ्या माणसाची गाडीसुद्धा वर्षातले बहुतेक दिवस देखभालीविना धावत असते. गाडी किती वर्षे टिकणार आणि ती चालवणारा किती सुरक्षित राहणार, हे बरेचसे याच मधल्या दिवसांत ठरते.

दुर्लक्षाची किंमत सर्वांत आधी दिसते ती चेनवर. इंजिनची सारी ताकद मागच्या चाकापर्यंत नेणाऱ्या या साखळीत शंभराच्या आसपास सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यात पोलादी पिन एका बारीक नळीत फिरत असते. तेलाचा थर सुकला आणि त्यात माती बसली की पिन आणि नळी एकमेकींना खातात. प्रत्येक सांधा केसभर सैल होतो आणि सगळे मिळून चेन बोटभर लांबते. लांबलेली चेन स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसत नाही, दातांची टोके आकड्यासारखी वाकतात. मग नुसती नवी चेन टाकून भागत नाही, झिजलेले दात तिलाही थोड्याच दिवसांत खराब करतात. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट यांचा अख्खा संच एकदम बदलावा लागतो. चेन फार सैल राहिली तर खड्ड्यात दातांवरून उडते, क्वचित निसटून मागचे चाकच अडवते. फार ताठ ठेवली तर शॉकअब्जॉर्बर दबताना ती आणखी ताणली जाते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांत खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने ढकलली असता चेन २० ते ३० मिलिमीटर वर-खाली हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक हाताने फिरवत चेन जिथे सर्वांत ताठ असेल तिथे तो मोजायचा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. हे तपासायला पानाही लागत नाही. साफसफाईला ब्रश, जुने फडके आणि चेन क्लीनर किंवा थोडे डिझेल हवे, मग नव्वद नंबरचे गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे. रबरी ओ-रिंग असलेल्या चेनला पेट्रोल लावू नये. आणि एक गोष्ट जिवाच्या कराराने पाळायची: गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, चाक हातानेच फिरवायचे. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेनला फडके लावणाऱ्याचे बोट फडक्यासकट स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते.

पुस्तिकेतली अंतरे सर्वसाधारण रस्ते आणि हवामान धरून ठरवलेली असतात. जून ते सप्टेंबर कोकणात रोज भिजणारी गाडी, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या मातीतून जाणारी गाडी आणि सोलापूर-लातूरकडच्या उन्हाळी धुळीत फिरणारी गाडी, यांना तेच अंतर लावणे बरोबर नाही. धुळीच्या किंवा पाण्याच्या वापरात हे काम आणखी लवकर करा, अशी सूचना पुस्तिकाच देते. पण ती अमलात कोण आणणार? सर्व्हिस सेंटरच्या संगणकात तारीख आणि किलोमीटर असतात. काल गाडी कुठल्या ओढ्यातून आली, हे मालकालाच ठाऊक असते.

टायर आणि ब्रेक यांचा विषय याहून गंभीर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत दुचाकीवरच्यांचे प्रमाण ४४.५ टक्के होते. त्यामागे वेग, हेल्मेट नसणे, रस्त्यांची अवस्था, मोठ्या वाहनांची बेफिकिरी अशी अनेक कारणे आहेत. सगळे खापर देखभालीवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र दुचाकी रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या दोनच जागांवर, आणि त्या जागा किती पकड धरतील हे आतल्या हवेवर ठरते. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात, कडेने झिजतात, वळणावर गाडी डुलते आणि ॲव्हरेजही पडते. ट्यूब असलेल्या टायरात खिळा घुसला की गाडी थोड्याच अंतरात बसायची, मालकाला कळायचेच. आताच्या ट्यूबलेस टायरात खिळा दिवसेंदिवस तसाच राहतो आणि हवा इतकी हळू उतरते की चालवणाऱ्याला गाडीच्या त्या बदललेल्या चालीची सवय होऊन जाते. म्हणजे टायर सुधारले तशी मालकाच्या डोळ्यांची गरज वाढली. हवा मोजायचे छोटे गेज काहीशे रुपयांत मिळते. मोजायची ती सकाळी, गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरात जास्त हवा लागते, आणि तो आकडा बहुतेक गाड्यांवर चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या बाजूला चिकटवलेला असतो. ड्रम ब्रेकच्या पत्र्यावर झिजेचा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला की ब्रेक शू संपले. डिस्क ब्रेकच्या पॅडवर खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड बदलायचे. दोन्ही पाहायला बॅटरीचा प्रकाश आणि एक मिनिट पुरते. पावसाळ्यात तर हे आठवड्याला पाहावे, कारण चिखलातली वाळू शू आणि पॅड दोन्ही खाते.

इंजिन ऑइलच्या बाबतीत लोकांचे लक्ष ऑइल कधी बदलले यावर असते आणि मधल्या काळात ते आहे किती, हे पाहायचे राहून जाते. मोटारीत इंजिनचे ऑइल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे. बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना सांभाळते. शंभर सीसीच्या गाडीत ते असते लिटरभर किंवा त्याहून थोडे कमी, आणि इंजिन थंड करायला वाऱ्याखेरीज दुसरी सोय नसते. इतक्या थोड्या ऑइलमधले पाव लिटर जळाले किंवा गळाले तर उरलेल्यावर फार मोठा भार पडतो. जुन्या, पिस्टन रिंग झिजलेल्या गाडीत हे दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये सहज घडू शकते. ऑइल पार संपून इंजिन जाम झाले की खर्च हजारांत जातो. तो टाळायला आठवड्यातून एकदा ऑइलची कांडी काढून पुसायची, पुन्हा घालून पातळी पाहायची आणि दोन खुणांच्या मध्ये ती नसेल तर भर घालायची. गाडी सपाट जागी, सरळ उभी हवी. कांडी आट्यांत फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे पुस्तिकेत पाहावे, कारण गाडीगणिक ते बदलते. भर घालायचे ऑइलही पाहून घ्यावे लागते. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असे लिहिलेले हवे. घर्षण कमी करणारी रसायने घातलेले मोटारीचे ऑइल टाकले तर क्लच घसरू लागतो, इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही. स्वस्त किंवा महाग हा इथे मुद्दाच नाही.

ही समज आपल्याकडे नव्हती असे नाही. पुण्यातल्या कंपन्यांच्या लूना आणि चेतक बाजारात आल्या तो १९७२ चा काळ. टू-स्ट्रोक इंजिनांच्या त्या गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, प्लगवर काजळी धरे, आणि प्लग काढून पॉलिश पेपरने घासून परत बसवणे हे दुचाकी असलेल्या घरांत बहुतेकांना येत असे. गाड्या सतत लक्ष मागत, म्हणून मालक शिकत. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. टाकी भरा, बंद करा आणि विसरून जा, अशा अर्थाच्या तिच्या जाहिरातीने एक नवी अपेक्षा रुजवली. फोर-स्ट्रोक इंजिन खरोखरच कमी पेट्रोल पिणारे आणि कमी कटकटीचे होते. पेट्रोलपुरते ते आश्वासन खरे होते. लोकांनी मात्र ते अख्ख्या गाडीला लावले. प्लग साफ करायची गरज उरली नाही तसे चेन आणि हवा पाहायची सवयही सुटली. आज देशात वर्षाला पावणेदोन-दोन कोटी दुचाकी विकल्या जातात, २०२४-२५ मध्ये हा आकडा १ कोटी ९६ लाखांच्या आसपास होता. आकुर्डी, चाकण आणि वाळूजच्या कारखान्यांमुळे महाराष्ट्र हा या धंद्याच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. अशा राज्यात असंख्य गाड्यांच्या टूल किटची पिशवी शोरूममधून आली तशी सीटखाली गुंडाळलेली पडून असावी, हे मला खटकते.

याचा अर्थ डीलरकडे जाऊच नये असा घेतला तर तो तितकाच चुकीचा ठरेल. बैलाच्या खांद्यावरची जखम रोज पाहणे हे शेतकऱ्याचे काम, नाल ठोकायला मात्र तो जाणत्याकडेच जातो. गाडीच्या बाबतीत ही रेघ कुठे ओढायची, याला मी एकच कसोटी लावतो: आपल्या हातून चूक झाली तर काय होईल आणि ती परत सुधारता येईल का. चेनला तेल जास्त झाले तर ते चाकावर उडेल, पुसता येईल. हवा एक-दोन पौंड जास्त भरली तर सोडता येईल. क्लच केबलचा प्ले चुकला तर पुन्हा जुळवता येतो. याच्या पुढची पायरी ऑइल बदलण्याची. ते घरी सहज होते, पण ड्रेन बोल्ट ज्या ॲल्युमिनियममध्ये बसतो ते मऊ असते. हाताला अंदाज नसलेल्याने तो जोर लावून आवळला तर आटे जातात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या मजुरीपायी इंजिनच्या कव्हरवर खर्च येतो. टॉर्क पाना असेल आणि किती आवळायचा तो आकडा माहीत असेल तर जरूर करावे. चेन ताठ करताना मागचा ॲक्सल सैल करावा लागतो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवून नट पुरता आवळलेला असणे जिवाच्या सुरक्षिततेचा भाग आहे, म्हणून ते काम आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकच्या नजरेखाली करून शिकावे. ब्रेकचे फ्लुइड बदलणे आणि त्यातली हवा काढणे, पुढच्या काट्याचे आणि हँडलच्या बेअरिंगचे काम, टॅपेट, क्लच प्लेट, टायमिंग चेन ही सगळी कामे त्यांचे ज्ञान आणि साधने असलेल्याकडेच द्यावीत. टॅपेटची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. ब्रेकच्या नळीत राहिलेला हवेचा बुडबुडा घाटाच्या उतारावर कळतो, आणि तिथे तो सुधारता येत नाही.

डीलरच्या बाजूने आणखी काही गोष्टी प्रामाणिकपणे मांडायला हव्यात. त्यांच्याकडे कंपनीने शिकवलेले लोक असतात, अस्सल सुटे भाग असतात, आणि बनावट ब्रेक शू नि बनावट ऑइल बाजारात असताना याला फार मोल आहे. गाडीच्या एखाद्या भागात कारखान्याचाच दोष निघाला तर ती परत बोलावण्याची तरतूद आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. असा दोष फुकट दुरुस्त होतो तोही अधिकृत केंद्रातच. पण सर्व्हिस सेंटरचे काम कसे चालते तेही पाहावे. सकाळी गाड्यांची रांग, तक्रार लिहून घेणारा एक, काम करणारा दुसरा, एका मेकॅनिकच्या वाट्याला दिवसात अनेक गाड्या, संध्याकाळी सगळ्या धुऊन-पुसून परत. मेकॅनिकला गाडीची ओळख जॉब कार्डावरच्या दोन ओळींतून होते. तिथे ‘आवाज येतो’ एवढेच लिहिलेले असेल तर तो कुठला आवाज शोधणार? पुढच्या ब्रेकचा, चेनचा, की थंड इंजिन सुरू करताना पहिली दोन मिनिटे येणारा? नव्या गाडीच्या विक्रीतून सुटणारा नफा मर्यादित असल्याने डीलरचा संसार बराचसा सर्व्हिसिंग आणि सुट्या भागांवर चालतो. साहजिकच पॉलिश, कोटिंग, ॲडिटिव्ह अशा गोष्टी बिलात जोडायचा आग्रह होतो. रोज गाडी पाहणारा मालक त्यांतले काय हवे आणि काय नको ते ठरवू शकतो. न पाहणाऱ्याला हो म्हणण्याखेरीज पर्याय नसतो.

स्वतः हात लावला तर वॉरंटी जाईल, ही भीती मी सर्वांत जास्त ऐकतो. ती काही अंशी खरी आहे. आज अनेक कंपन्या पाच वर्षांपर्यंत वॉरंटी देतात आणि ठरलेली सर्व्हिसिंग ठरल्या वेळी अधिकृत केंद्रात झालेली असावीत, अशी अट घालतात. मग त्या काळात ती सर्व्हिसिंग तिथेच करावीत, बिले जपून ठेवावीत, वायरिंगला आणि इंजिनच्या आतल्या भागांना हात लावू नये. पण चेनची सफाई, हवा, ऑइलची पातळी आणि ब्रेकची तपासणी ही कामे मालकाने करावीत, असे कंपनीची पुस्तिकाच सांगते. ती केल्याने वॉरंटी जाण्याचा प्रश्न येत नाही. उलट ती न केल्याने झालेली झीज वॉरंटीत बसत नाही. फुकट सर्व्हिसिंगमध्येही माफ असते ती मजुरी, ऑइल आणि झिजणारे भाग यांचे पैसे भरावेच लागतात.

वॉरंटीच्या पलीकडचा प्रश्न असा की, विकत घेतलेल्या वस्तूची दुरुस्ती कुठे करायची हे ठरवायचे कोणी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला, तो सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. निकाल चारचाकींचा होता आणि प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी ग्राहकाला आपल्याच दारात बांधून ठेवणे ही बाजाराची अडवणूक आहे, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे आले. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार विशिष्ट कंपनीचेच भाग वापरण्याच्या अटीवर वॉरंटी टांगता येत नाही, आणि तशी अट घातल्याबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनेही घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या हक्काचे पोर्टलही सुरू झाले. दुचाकीवाल्यांनी या हक्काचा आग्रह धरायला हवा, कारण देशात आपल्या गाडीची दुरुस्ती स्वतः करू शकणारा सर्वांत मोठा वाहनमालक वर्ग त्यांचाच आहे.

दुसरा आक्षेप नव्या तंत्राचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधी एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस आणि बाकीच्यांना निदान सीबीएस सक्तीचे झाले. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर जोडल्याशिवाय कारण कळत नाही. या गाड्यांत मालक काय करणार, असे विचारले जाते. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून गाडी ‘सेट’ करण्याचे दिवस संपले हे खरे. ते काम मुळातही थोड्यांनाच नीट जमायचे. पण चेन, टायर, ब्रेक आणि ऑइल यांच्या तपासणीत काहीच बदललेले नाही. उलट कित्येक नव्या गाड्यांना किक नसल्याने बॅटरीच्या टर्मिनलवर साचणारा पांढरा थर साफ ठेवणे जास्त गरजेचे झाले आहे. एअर फिल्टर तेवढा पाहून हाताळावा, कारण अनेक गाड्यांतला तेल लावलेला कागदी फिल्टर हवेने झटकायचा नसतो, मुदत संपली की बदलायचाच असतो. विजेवरच्या गाड्यांत इंजिन ऑइल नाही, प्लग नाही. टायर आणि ब्रेक त्यांनाही आहेत.

वेळ नाही, जागा नाही, असे शहरातला माणूस म्हणतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल सांडले तर भांडण होणारच, म्हणून ते काम तिथे करू नये. हवा, ऑइलची पातळी, ब्रेक आणि चेनची ढिलाई पाहायला दहा मिनिटे लागतात आणि जमिनीवर थेंबही पडत नाही. हाताने काही करणे खरोखर शक्य नसेल, वयाने किंवा प्रकृतीने, तर पाहण्याचे काम ठेवावे आणि करण्याचे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजला द्यावे. चेन साफ करून जुळवायला ते फार पैसे घेत नाहीत. मालक स्वतः कामे करू लागला की गॅरेजवाल्याचे पोट मारले जाते, असेही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गाडीकडे लक्ष असलेला मालक लहान बिघाड लवकर आणतो, नेमका सांगतो, आणि चांगल्या हाताची किंमत त्याला कळते. त्या मेकॅनिकचे नुकसान होते ते वर्षभर न फिरकणाऱ्या आणि मग इंजिन खोलायची वेळ आल्यावर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकामुळे. घरी ऑइल बदलणाऱ्यांवर मात्र एक जबाबदारी आहेच. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतणे हा गुन्हा समजून ते बंद डब्यात भरून गॅरेजला द्यावे, तिथून ते पुनर्प्रक्रियेसाठी गोळा करणाऱ्यांकडे जाते. एवढे करायची तयारी नसेल तर ऑइल बाहेरच बदलावे.

सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा तक्रार जॉब कार्डावर नेमक्या शब्दांत लिहून घ्या, कामाचा अंदाजे खर्च आधी विचारा, बदललेले जुने भाग परत मागा, आणि गाडी ताब्यात घेताना चेनची ढिलाई नि टायरची हवा तिथेच पाहा. कामात फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि त्याआधी, आजच, गाडीची पुस्तिका घरात कुठे ठेवली आहे ते शोधा. हरवली असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. त्यातले देखभालीचे प्रकरण वाचायला अर्धा तास लागेल. टायरमध्ये किती हवा हवी आणि चेन किती हलली पाहिजे, हे आपल्या गाडीचे आकडे त्यातून टिपून घ्या आणि उद्या सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी एकदा ताडून पाहा.